जन्म म्हणजे किती वर्षं?

पिशोरहून फुलंब्रीमार्गे शहराकडे निघालं, की चौक्याचा घाट मागे पडतो आणि छत्रपती संभाजीनगर सुरू व्हायच्या आधी हर्सूल लागतं. तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. कन्नड तालुक्यातल्या कुणाला मोठी शिक्षा झाली, की गावात म्हणतात, ‘हर्सूलला गेला.’ बांधावरचं भांडण, भाऊबंदकी, एका क्षणाचा राग आणि हातात आलेली कुऱ्हाड. मग पिशोरचं पोलीस ठाणं, मग कोर्ट, मग हर्सूल. पारावर बसलेली माणसं हिशेब मांडतात: ‘चौदा वर्षं. पोराच्या लग्नाला येईल.’

हा चौदाचा आकडा लोकांच्या तोंडी इतका बसलेला आहे, की तो कायद्यातच आहे असं वाटतं. चौदा वर्षं म्हटलं की आपल्याला वनवास आठवतो, म्हणूनही असेल. पण वनवासात आणि जन्मठेपेत एक मोठा फरक आहे. रामाला परतायचा दिवस ठाऊक होता आणि त्या भरवशावर भरताने नंदिग्रामात दिवस काढले. जन्मठेपेच्या कैद्याला, त्याच्या घरच्यांना आणि ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांनाही असा दिवस कुणी सांगत नाही. जन्मठेपेतला ‘जन्म’ किती वर्षांचा, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षं वेगवेगळ्या टेबलांवर फिरतो आहे. त्याची काही महत्त्वाची उत्तरं महाराष्ट्रातल्याच कैद्यांच्या अर्जांवर लिहिली गेली.

सुरुवात काळ्या पाण्यापासून करावी लागते. इंग्रजी अमलात ही शिक्षा तुरुंगात कोंडून ठेवण्याची नव्हती. देशाबाहेर धाडण्याची होती. वासुदेव बळवंत फडक्यांना १८७९ मध्ये जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला नेलं. तिथून ते निसटले, पुन्हा पकडले गेले आणि फेब्रुवारी १८८३ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या बाबतीत जन्माचा हिशेब मृत्यूनेच पुरा केला.

पण सरकारी दप्तराला आकडा लागतो. विनायक दामोदर सावरकरांना डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये एकामागून एक अशा दोन जन्मठेपा ठोठावल्या गेल्या, तेव्हा त्यांची बेरीज पन्नास वर्षं अशी धरली गेली. म्हणजे एक जन्म पंचवीस वर्षांचा. त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल होतं १९६०. बिल्ला मिळाला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. सुटकेच्या वेळी सत्याहत्तर वर्षांचे असते. एका माणसाला एकाच देहात दोन जन्म भोगायला लावणारं ते गणित होतं. प्रत्यक्षात १९२१ मध्ये त्यांना अंदमानातून परत आणलं आणि जानेवारी १९२४ मध्ये अटींवर सोडलं: रत्नागिरी जिल्ह्यातच राहायचं आणि राजकारणात पडायचं नाही. त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांची सुटका त्याआधीच, १९२२ मध्ये झाली होती. ते इतके आजारी होते, की तुरुंगात मरण येणं सरकारलाही नको होतं. सुटकेचे दोन रस्ते तेव्हापासूनच दिसतात. एक अटींचा आणि दुसरा खंगलेल्या शरीराचा. दोन्हींची किल्ली सरकारच्या हातात होती.

पिशोर त्या काळात इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात नव्हतं. औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. पोलीस कारवाई १९४८ मध्ये झाली आणि भारतीय दंड संहिता या मुलखात १९५१ मध्ये आली. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. बारा वर्षांत राज्य, कायदा आणि तुरुंगाचे वरिष्ठ असं सगळंच बदललं. त्याच सुमारास, १९५६ च्या आरंभापासून, ‘काळं पाणी’ ही शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून गेली आणि तिच्या जागी ‘आजन्म कारावास’ आला. समुद्र गेला, पण जन्म तसाच राहिला. आता तो मोजायचा कसा, हे कुठेच स्वच्छ लिहिलेलं नव्हतं. दंड संहितेच्या कलम ५७ मध्ये वीस वर्षांचा उल्लेख होता. मुंबईच्या तुरुंग नियमांत माफीच्या हिशेबासाठी पंधरा वर्षांचा होता. कैदी बराकीत बसून हे आकडे जुळवत.

त्यांतल्या एका कैद्याने हा हिशेब थेट सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवला. गांधीहत्येच्या खटल्यात लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी जन्मठेप दिलेला गोपाळ विनायक गोडसे. आधी त्याला पंजाबातल्या तुरुंगांत ठेवलं होतं, मे १९५० मध्ये नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात आणलं. चांगलं वर्तन, काम, वाचन, कवायत अशा सगळ्या खात्यांवर त्याला माफीचे दिवस मिळाले होते. प्रत्यक्ष भोगलेली वर्षं आणि माफी मिळून वीस वर्षं झाली, म्हणजे शिक्षा संपली, आता मला अडकवून ठेवणं बेकायदा आहे, असा त्याचा दावा होता.

न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी १२ जानेवारी १९६१ रोजी निकाल दिला. आजन्म कारावास म्हणजे कैद्याच्या नैसर्गिक आयुष्याचा उरलेला सगळा काळ. वीस वर्षांचा आकडा शिक्षेचा अंश काढण्यापुरता आहे, पंधरा वर्षांचा माफीची नोंद ठेवण्यापुरता. माफी कितीही साठली, तरी तिने दरवाजा आपोआप उघडत नाही. सोडायचं की नाही हे सरकारने ठरवायचं, आणि सरकारने ठरवलं नाही तर कैद्याला सुटकेचा हक्क नाही. अर्ज फेटाळला गेला. सावरकरांच्या बिल्ल्यावरचं १९६० साल उलटून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. पंचवीस वर्षांचा असो, वीसचा की पंधराचा, जन्माचा प्रत्येक हिशेब त्या दिवशी पुसला गेला. आजही देशातल्या कोणत्याही न्यायालयात मुदतपूर्व सुटकेचा अर्ज आला, की युक्तिवादात हा निकाल निघतोच.

पुढे सरकारनेच निर्णय घेतला. ऑक्टोबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल पाहवा सुटले. सोळा वर्षांहून थोडा जास्त काळ ते आत होते. नोव्हेंबरात पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त सत्यनारायणाची पूजा झाली. तिथे ग. वि. केतकर बोलून गेले, की नथुरामच्या मनात काय आहे हे आपल्याला आधी कळलं होतं. केतकर म्हणजे लोकमान्य टिळकांचे नातू, ‘केसरी’चे माजी संपादक. देशभर गदारोळ उठला, संसदेत प्रश्न आले, केतकरांना अटक झाली, गोपाळ गोडसेला भारत संरक्षण कायद्याखाली पुन्हा आत घातलं. कटाची माहिती आधी कुणाकुणाला होती हे शोधायला चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती कपूर यांनी ते काम पुरं केलं. सुटका कायद्याने झाली होती, पण सुटलेल्याचा सत्कार समाजाच्या पचनी पडला नाही. कैद्याला सोडण्याचा निर्णय कागदावरचा असतो. त्याची किंमत फाटकाबाहेर ठरते, हे सरकारी अधिकाऱ्यांनी तेव्हा पाहिलं. त्यानंतरची फाइल दबकत हलली असेल तर नवल नाही.

याच काळात महाराष्ट्रात एक अगदी उलटा प्रयोग चालू होता, आणि त्याचं मूळ एका छोट्या संस्थानात होतं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रिडमन यांच्या साथीने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. खुनाच्या शिक्षेतल्या कैद्यांना भिंतीविना, शेतीवर, कुटुंबासह राहू द्यायचं. ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ चा चित्रपट, गदिमांच्या कथेवरचा, याच वसाहतीवरून सुचला. चित्रपट लोकांच्या लक्षात राहिला. वसाहत मागे पडली, पण ती टिकली.

तीच वाट आपल्या जिल्ह्यात पैठणला पोचली. जायकवाडीचं काम जोरात असताना, १९६८ मध्ये, तिथे खुलं कारागृह सुरू झालं. लांब शिक्षेतले, पण वर्तन चांगलं असलेले, संचित रजेवर जाऊन वेळेत परत आलेले कैदी तिथे पाठवतात. दिवसभर शेतात काम, संध्याकाळी हजेरी. पिशोरकडच्या शेतकरी कैद्याला पैठणला जाणं म्हणजे अर्धं घरी आल्यासारखं: हातात पुन्हा खुरपं, पायाखाली काळी माती. माफीही तिथे बंद तुरुंगापेक्षा जास्त मिळते. म्हणून हर्सूलच्या बराकीत ‘पैठण लागलं’ ही बातमी आनंदाची असते. पण पैठणमध्ये दहा वर्षं बिनतक्रार नांगर धरला, तरी अखेरचा दरवाजा तिथल्या अधीक्षकाच्या हातात नसतो. ती फाइल मंत्रालयातच जाते.

चौदाचा आकडा कायद्यात खऱ्या अर्थाने शिरला तो १९७८ मध्ये. काही राज्यांत जन्मठेपेचे कैदी फार लवकर, कधी पाच-सहा वर्षांत, सुटत असल्याची ओरड होती. संसदेने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घातलं, ते १८ डिसेंबर १९७८ पासून लागू झालं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, किंवा फाशी कमी होऊन जन्मठेप मिळाली, तर किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सुटका नाही. माफीचे दिवस या चौदात धरायचे नाहीत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४७५ म्हणून आलं आहे.

इथे पारावरच्या हिशेबाची चूक उघडी पडते. चौदा वर्षं ही शिक्षेची लांबी नव्हे. अर्ज विचारात घ्यायला लागण्यापूर्वीचा तो उंबरठा आहे. उंबरठ्यापाशी पोचलं म्हणजे घरात आलं असं होत नाही. मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८० मध्ये हे कलम वैध ठरवलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर कैद्यांविषयी कळवळा असलेले, पण कायदा करण्याचा संसदेचा अधिकार त्यांनी मान्य केला. मात्र ज्यांची शिक्षा कलम येण्याआधीची होती, त्यांना ते लागू केलं नाही. आणि राष्ट्रपती व राज्यपालांचा क्षमेचा अधिकार या कलमाने आटत नाही, असंही स्पष्ट केलं. तो अधिकारही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतो, म्हणजे पुन्हा फाइल.

ती फाइल कशी चालते, हे कैद्यांच्या घरच्यांना वकिलांपेक्षा चांगलं माहीत असतं. तुरुंगातून ‘चौदा वर्ष प्रस्ताव’ निघतो. त्यात अधीक्षकाचा शेरा: वर्तन कसं, शिक्षा भोगताना काही गुन्हा केला का, रजेवरून वेळेत आला का. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवतात. ते न्यायाधीश कधीच बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेले असतात, खुर्चीवरचे नवे न्यायाधीश जुनं निकालपत्र वाचून लिहितात. पोलिसांचा अहवाल लागतो. सल्लागार समिती बघते, मग गृह विभाग. आणि गुन्ह्याची वर्गवारी. महाराष्ट्राने १९९२ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये अशी वर्गवारी ठरवली: रागाच्या भरातला खून, पूर्वतयारीने केलेला खून, टोळीचा खून, स्त्रिया-मुलांवरची क्रूरता. प्रत्येकाला वेगळी वर्षं, माफीसकट मोजलेली, २०१० च्या काही वर्गांत चाळीस वर्षंसुद्धा. म्हणजे एकाच बराकीत, एकाच वर्षी आलेल्या दोन ‘जन्मठेपां’चे जन्म वेगवेगळ्या लांबीचे.

वयाचा विचार या सगळ्यात फार उशिरा आला. महाराष्ट्र शासनाने १० जानेवारी २००६ रोजी ठरवलं, की जन्मठेपेच्या ज्या कैद्याने चौदा वर्षं भोगली आहेत, वयाची पासष्टी ओलांडली आहे आणि जो शरीराने थकला आहे, त्याला सोडता येईल. त्यामागचा विचार साधा होता. पासष्टीनंतर माणसाच्या हातून पुन्हा खून होण्याची भीती कमी होते. त्याला गुडघेदुखी, मधुमेह, मोतीबिंदू यांचीच सोबत जास्त असते. तुरुंग हे काही रुग्णालय नव्हे. पण हा विचार पहिल्यांदा गाजला तो कुणा थकलेल्या शेतकऱ्याच्या अर्जावरून नव्हे.

२ मार्च २००७ रोजी मुंबईत शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांचा त्यांच्या घरात खून झाला. २०१२ मध्ये मोक्का न्यायालयाने अरुण गवळीला जन्मठेप दिली. दगडी चाळीचा ‘डॅडी’, माजी आमदार. पासष्टी ओलांडल्यावर त्याने २००६ च्या धोरणावर बोट ठेवलं: चौदा वर्षं झाली, वय झालं, वैद्यकीय मंडळाने अशक्त ठरवलं. सरकारचं म्हणणं, संघटित गुन्हेगारीतल्या कैद्याला २०१० च्या धोरणाप्रमाणे चाळीस वर्षं काढावी लागतील, आणि २०१५ मध्ये मोक्काच्या कैद्यांना ही सवलत नाकारली आहे. शिक्षा झाली त्या दिवशी जे धोरण होतं तेच लागू, या तत्त्वावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ एप्रिल २०२४ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, जूनमध्ये स्थगिती आली. अखेर २८ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला जामीन मिळाला, तो शिक्षेविरुद्धचं अपील रखडलं होतं म्हणून. सप्टेंबरमध्ये तो नागपूर कारागृहातून बाहेर पडला. वृद्ध कैद्याला सोडावं की नाही, हा मूळ प्रश्न त्या जामिनाने सुटला नाही.

गवळीच्या निमित्ताने वर्तमानपत्रं भरली. पण २००६ चं धोरण ज्यांच्यासाठी होतं असं वाटतं, ते वेगळे लोक आहेत. पंचेचाळिशीत बांधावर खून केलेला, पैठणमध्ये शेती केलेला, आता काठी टेकत चालणारा कैदी. त्याच्याकडे ना ज्येष्ठ वकील, ना खंडपीठात टिकणारी चिकाटी. नामांकित कैद्याच्या भीतीने लिहिलेला अपवाद मात्र त्याच्या अर्जावरही सावली धरतो. अधिकाऱ्याला कैदी सोडल्याबद्दल शाबासकी मिळाल्याचं कुणी ऐकलेलं नाही; सोडल्याबद्दल विचारणा झाल्याचं मात्र पुष्कळांनी ऐकलं आहे.

विचारणा का होते, हेही समजून घ्यायला हवं. गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी बिल्किस बानो अत्याचार प्रकरणातल्या जन्मठेपेच्या अकरा कैद्यांना सोडलं. गोध्र्याच्या तुरुंगाबाहेर त्यांचं हार घालून स्वागत झालं. पुण्याची १९६४ ची पूजा आठवावी असाच तो प्रसंग. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, तेव्हा निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हे. माफी ही कुणा सरकारची खासगी मर्जी नाही, आणि जिच्यावर अत्याचार झाला तिलाही तिच्याविरुद्ध दाद मागता येते, हे या निकालाने ठसवलं. दया चुकीच्या दारातून बाहेर पडली, की तिची झळ योग्य दारात उभ्या असलेल्यांना बसते.

दयेचं एक दार तर सरकारने गाजावाजा करून उघडलं होतं. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात, २०२२-२३ मध्ये तीन टप्प्यांत, साठ वर्षांवरचे पुरुष आणि पन्नास वर्षांवरच्या स्त्रिया यांना अर्धी शिक्षा भोगल्यावर सोडायचं केंद्राने ठरवलं. त्यातून जन्मठेपेचे कैदी वगळले होते. म्हणजे म्हातारपण विचारात घेतलं, पण जे तुरुंगातच म्हातारे होतात, त्यांचं नाही.

गेल्या दीड दशकात दोन गोष्टी हळूहळू सरळ झाल्या. शिक्षेच्या दिवशीचं धोरण लागू होतं, आणि नंतरचं अधिक उदार असेल तर तेच द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाच्या जगदीश प्रकरणात २०१० मध्ये सांगितलं. आणि १८ फेब्रुवारी २०२५ रोजी आणखी एक पाऊल पुढे टाकलं: राज्याचं धोरण असेल, तर कैदी पात्र होताच सरकारने स्वतःहून त्याचा विचार करायचा, अर्जाची वाट बघायची नाही. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, ज्याच्या घरचं मुलाकातीला येणं दहा वर्षांपूर्वीच थांबलं, त्याच्यासाठी ही ओळ महत्त्वाची आहे. नकार द्यायचा तर कारण लिहून द्यावं लागेल. १९६१ मध्ये जो निर्णय पूर्णपणे सरकारच्या मनावर होता, त्याला आता निदान हिशेब द्यावा लागतो. हक्क अजून नाही. हिशेब आहे.

तरीही फाइलचा एक कागद अजून गावातूनच जातो. पात्र कैदी पिशोरकडचा असेल, तर ठाण्यातला हवालदार गावात येतो, पोलीस पाटलाला आणि चार जणांना विचारतो: हा माणूस परत आला तर शांतता बिघडेल का? मेलेल्याच्या घरच्यांचं म्हणणं काय? त्याला सांभाळायला कुणी आहे का? वीस वर्षांपूर्वीचा तो दिवस ज्यांनी पाहिला, त्यांतले बरेच गेलेले असतात. बांध एव्हाना वाटणीत हलला, विहिरीवर मोटार आली, जिथे कपाशी होती तिथे आद्रक आहे. उत्तर देणारा तरुण त्या दिवशी पाळण्यात होता. मेलेल्याच्या विधवेला मात्र ते विचारणं पुन्हा तो दिवस दाखवतं, आणि तिचं ‘नको’ कुणीही हलकं समजू नये.

या दोघांचं उत्तर कागदावर येतं तेव्हा आत बसलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा दोघांनाही नीट आठवत नाही. एकाने तो कधी पाहिलाच नाही, दुसरीने तो तरुण असताना शेवटचा पाहिला. ते ज्याला नको म्हणतात किंवा येऊ दे म्हणतात, तो कुऱ्हाड उचललेला माणूस आता हर्सूलच्या भिंतीआडही राहिलेला नाही. तिथे आहे तो सत्तरीतला एक कैदी, ज्याला सकाळच्या मोजणीत आपलं नाव ऐकू यावं म्हणून कान पुढे करावा लागतो.